डुकरांचे विषाणूरोग : पेशीच्या आत शरीर कसे लढते?



एका शेडमध्ये दहा डुकरे आहेत. खाणे एक, पाणी एक, जमीन एक. रोग येतो. पहिल्या दिवशी दोन डुकरे कोपरा धरून बसतात, चौथ्या दिवशी निम्मी आडवी होतात. पण एखाददुसरे जनावर असे निघते की त्याला ताप येतो, दोन दिवस ते तोंड लावत नाही आणि तिसऱ्या दिवशी उठून परत उकिरडा उकरायला लागते. ते कसे वाचले? वराहपालक याला ‘नशीब’ म्हणतो. नशिबाचा भाग सोडला तरी कारणे असतात. कोणाच्या अंगात विषाणू कमी गेला, कोणाला आधी लस टोचली होती, कोणाचे वय जास्त होते. या कारणांच्या जोडीला आणखी एक कारण आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्या बोलण्यातही फारसे येत नाही. ते डुकराच्या पेशीच्या आत घडते. या पत्रकात मुख्यतः त्याचीच माहिती दिली आहे. ती वाचून उद्या सकाळी शेडमध्ये काय करायचे आणि काय करायचे नाही, हेही शेवटी सांगितले आहे.

लस टोचली की रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, हे आपण अनेकदा ऐकले आहे. विषाणू रक्तात भेटला की प्रतिद्रव्ये त्याला धरतात. पण विषाणू एकदा पेशीत शिरला की प्रतिद्रव्यांचा हात तिथवर पोचत नाही. चोर घरात शिरून आतून कडी लावावी, तशी ती गत असते. मग घरातल्यांनाच काहीतरी करावे लागते.

तलाठ्याचे दप्तर आणि हरकतीची चिठ्ठी

पेशीत काय चालते ते समजायला आपल्या सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. जमिनीचे मूळ दप्तर कार्यालयात असते. ते कोणी घरी नेत नाही. आपल्याला कर्ज काढायचे असले की आपण सातबाराची नक्कल काढतो आणि ती नक्कल घेऊन सोसायटीत किंवा बँकेत जातो. काम होते ते नकलेवर. पेशीतही असेच आहे. मूळ दप्तर म्हणजे डीएनए. ते पेशीच्या मधल्या गाभ्यात बंद असते. त्यावरून जी नक्कल निघते तिला आरएनए म्हणतात. ही नक्कल बाहेर येते, पेशीतले कामगार ती वाचतात आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे प्रथिने तयार करतात. मांस, रक्त, कातडी, सगळे याच प्रथिनांच्या जोरावर चालते.

आता जमिनीच्या फेरफारावर कोणी हरकत घेतली तर काय होते? कागद खरा असला तरी काम अडते. हरकतीचा निकाल लागेपर्यंत नोंद पुढे सरकत नाही. पेशीतही अशा हरकतीच्या चिठ्ठ्या असतात. त्या अगदी लहान, साधारण २२ अक्षरांच्या आरएनएच्या असतात. नकलेतली हजारो अक्षरे पाहता २२ म्हणजे काहीच नाही. त्यांनाच मायक्रो आरएनए म्हणतात. ज्या नकलेवर त्यांची अक्षरे जुळतात तिला त्या चिकटतात. मग ती नक्कल वाचली जात नाही किंवा फाडून टाकली जाते. कोणते प्रथिन किती व्हावे याला लगाम घालण्याचे काम या चिठ्ठ्यांचे. डुकराच्या शरीरात अशा शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्या आहेत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ हिच्यामुळेच होतो. चिठ्ठीची सगळी २२ अक्षरे जुळावी लागत नाहीत. सुरुवातीची सात-आठ जुळली तरी बहुधा काम भागते. त्यामुळे एक चिठ्ठी एकाच नकलेला नव्हे, शेकडो नकलांना लागू पडू शकते.

हे प्रथम कळले ते एका किड्यावरून. हा किडा मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा गोलकृमी. अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या शास्त्रज्ञांनी १९९३ साली त्या कृमीत अशी पहिली चिठ्ठी दाखवली. बाकीच्यांना वाटले, ही कृमीचीच काही खोड असेल. पुढे २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने लेट-७ नावाची दुसरी चिठ्ठी शोधली. ती कृमीत होती, माशीत होती आणि माणसातही होती. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. या शोधाबद्दल दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेट-७ हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

विषाणू म्हणजे बनावट नक्कल

डुकरांच्या बऱ्याच रोगांचे विषाणू आरएनएचे असतात. जुना स्वाइन फीवर म्हणजे वराहज्वर, माद्या गाभडवणारा पीआरआरएस, जपानी मेंदूज्वर, हे त्यातले. या विषाणूंजवळ मूळ दप्तर नसते. ते थेट नक्कल घेऊनच पेशीत घुसतात. पेशीतल्या कामगारांना खऱ्या-खोट्याची पारख नाही. समोर नक्कल आली, वाचली, कामाला लागले. अशा रीतीने पेशी आपल्याच हाताने विषाणूचे प्रथिन बनवत राहते आणि शेवटी मरते.

पण बनावट नकलेवरही हरकत घेता येते. शरीरातल्या एखाद्या चिठ्ठीची अक्षरे विषाणूच्या नकलेशी जुळली, तर ती तिथे चिकटते आणि विषाणूचे काम अडते. विषाणू शरीरात आला, पण वाढला नाही. डुक्कर दोन दिवस उपाशी राहिले आणि उठले.

याचा चांगला अभ्यास झाला आहे तो पीआरआरएस या रोगावर. या रोगात गाभण माद्या गाभडतात, मेलेली पिल्ले होतात आणि जगलेल्या पिल्लांना धाप लागते. जगभरच्या वराहपालकांचे यात अतोनात नुकसान झाले आहे. आपल्या देशात हा रोग २०१३ साली मिझोरममध्ये आढळला. चीनमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी मिर-१८१ नावाच्या मायक्रो आरएनएवर काम प्रसिद्ध केले. ही चिठ्ठी डुकराच्या स्वतःच्या शरीरातली. ती पीआरआरएसच्या नकलेवर नेमक्या जागी चिकटते आणि तिची वाढ रोखते, असे त्यांना दिसले. मग त्यांनी ही चिठ्ठी प्रयोगशाळेत बनवून डुकरांच्या नाकावाटे दिली. त्या डुकरांच्या रक्तात विषाणू कमी सापडला आणि तापही कमी राहिला.

मिर-१८१ आणखी एक काम करते. पीआरआरएसचा विषाणू पेशीत शिरतो तो एका विशिष्ट दारातून. त्या दाराचे नाव सीडी-१६३. हे दारही प्रथिनाचेच असते, म्हणजे त्याचीही नक्कल निघते. मिर-१८१ त्या नकलेवरही हरकत घेते. दारे कमी झाली की आत शिरणारा विषाणूही कमी. एकाच चिठ्ठीने चोराला घरात अडवले आणि दारही अरुंद केले. मिर-२६ए या दुसऱ्या चिठ्ठीचा मार्ग निराळा आहे. ती शरीराचा इंटरफेरॉन नावाचा धोक्याचा भोंगा जोरात वाजवायला लावते आणि शेजारच्या पेशी सावध होतात.

दारावरून आठवले म्हणून सांगतो. हे दारच काढून टाकलेली डुकरे अमेरिकेत २०१६ च्या सुमारास तयार झाली आणि ती पीआरआरएसला दाद देत नाहीत असे आढळले. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने अशा डुकरांना मान्यता दिली. हा मायक्रो आरएनएचा उपयोग नव्हे, डीएनएच्या मूळ दप्तरातली दुरुस्ती आहे. दोन्ही गोष्टी वर्तमानपत्रांत एकाच वाक्यात येतात, म्हणून फरक सांगितला.

चिठ्ठी उलटतेही

इथवर वाचून वाटेल की, वा! शरीरात औषध तयारच आहे. थांबा. विषाणूही कच्च्या गुरूचा चेला नाही.

जुन्या वराहज्वराच्या विषाणूचे पाहा. २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनेक विषाणूंच्या नकला तपासल्या. वराहज्वराच्या आणि गुरांतल्या त्याच्या भाऊबंद विषाणूच्या नकलेच्या शेपटाला दोन चिठ्ठ्या चिकटलेल्या दिसल्या, मिर-१७ आणि आपली मघाची लेट-७. पण त्या चिकटल्याने विषाणू अडत नव्हता. उलट त्या काढल्या तर त्याचे चालेना! शरीराने हरकतीसाठी ठेवलेली चिठ्ठी या विषाणूने चक्क कागदाला टिकाऊपणा यावा म्हणून वापरली. इतकेच नाही, त्याच्या असंख्य नकलांनी मिर-१७ चिठ्ठ्या अडकवून ठेवल्या आणि पेशीच्या स्वतःच्या कामाला त्या कमी पडू लागल्या. गावातल्या एकाने सगळ्या पोत्यांवर कब्जा करावा आणि बाकीच्यांच्या धानाला पोते मिळू नये, तसा प्रकार.

पीआरआरएसचे तेच. मिर-१८१ त्याला रोखते, पण संसर्गात मिर-३०सी वाढते आणि ती इंटरफेरॉनच्याच कामाला आवर घालते. जपानी मेंदूज्वराविषयी हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातून २०१४ साली माहिती आली की संसर्गात मिर-१५५ वाढते आणि मेंदूतली सूज वाढवण्यात तिचा हात असतो. म्हणजे ‘मायक्रो आरएनए चांगले’ किंवा ‘वाईट’ असे सरसकट बोलता येत नाही. कोणती चिठ्ठी, कोणता विषाणू, कोणती पेशी, यावर सगळे अवलंबून आहे.

मग याची बाटली बाजारात का नाही?

कारणे समजून घ्या, कारण उद्या कोणी ‘आरएनए पावडर’ म्हणून पुडी घेऊन दारात आला तर तुम्हालाच त्याला दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत.

पहिले असे की आरएनए फार नाजूक. रक्तात आणि पोटात तो झपाट्याने तुटतो. खाद्यात मिसळून दिलेला आरएनए डुकराच्या पोटात इतर अन्नासारखा पचून जाईल. त्याने फुफ्फुसाच्या पेशीत जाऊन विषाणू थोपवावा ही अपेक्षाच चुकीची. दुसरे, मी मघाशी सांगितले ते. एक चिठ्ठी शेकडो नकलांना लागू पडते. बाहेरून भरमसाट दिली तर विषाणूबरोबर शरीराचीही कामे अडतील. तिसरे, विषाणू आपली अक्षरे सतत बदलतो. ज्या जागी चिठ्ठी चिकटते तिथले एखादे अक्षर बदलले की तिची पकड सुटते. आणि चौथे आपल्या खिशाचे. प्रयोगशाळेत बनवलेली चिठ्ठी दहा डुकरांना देणे वेगळे आणि शंभर रुपयांचा हिशेब बघणाऱ्या वराहपालकाला परवडणे वेगळे.

शास्त्रज्ञांना या ज्ञानाचा उपयोग निश्चित आहे. रोगाची लवकर ओळख, नव्या लसी, काटक वाणाची निवड, या वाटांनी ते पुढे येईल. वनस्पतींतही लहान आरएनएची अशीच युक्ती चालते. हवाई बेटांवर पपईच्या रिंगस्पॉट रोगाला न जुमानणारे वाण १९९८ पासून लागवडीत आहे, ते याच मार्गाने. तेव्हा ही पोकळ कल्पना नव्हे. पण वराहपालकाने आज तिच्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज शेडमध्ये काय करावे

जुन्या वराहज्वरावर लस आहे. १९६४ पासून आपल्याकडे सशावर वाढवलेली लस वापरात होती. एका सशापासून मोजक्याच मात्रा निघत, त्यामुळे ती कधीच पुरली नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशीसंवर्धनावरची लस तयार केली आणि २०२० साली ती पुढे आली. पिल्लांना कोणत्या वयात टोचायची आणि पुन्हा केव्हा, हे तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वहीत तारीख लिहून ठेवा. लस बर्फात आणली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. उन्हात तापलेली लस म्हणजे नुसते पाणी.

आफ्रिकन स्वाइन फीवर हा मात्र निराळा रोग आहे. नाव सारखे असले तरी विषाणू वेगळा, त्याचे दप्तर डीएनएचे. जुन्या वराहज्वराची लस याला चालत नाही. केनियात १९२१ साली त्याचे पहिले वर्णन झाले आणि २०२० साली तो आसाम व अरुणाचल प्रदेशात शिरला. त्यानंतर देशातल्या अनेक राज्यांत पसरला. यावर औषध नाही आणि शेडमध्ये शिरला तर जवळजवळ सगळी डुकरे जातात. माणसाला तो होत नाही, ही एक त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. पण मांसात, रक्तात आणि कातड्यात तो कित्येक महिने टिकतो. म्हणून तो डुकरापासून डुकराला जसा लागतो तसाच खरकट्यातूनही लागतो.

आता आपल्या भागाकडे या. नागपूरच्या दक्षिणेला मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात एकेकाळची वावरे जाऊन इमारती, हॉटेले आणि लग्नाचे लॉन उभे राहिले. लग्नसराईत तिथे किती अन्न उरते हे सांगायला नको. शहरालगतचे वराहपालक असे खरकटे ड्रममध्ये भरून नेतात. खाद्याचा खर्च वाचतो, यात दुमत नाही. पण त्या ड्रममध्ये कुठल्या गावचे, कुठल्या राज्यातून आलेले डुकराचे मांस मिसळले आहे हे कोणाला ठाऊक? खरकटे वापरायचेच असेल तर त्यातले मांस वेगळे काढून टाका. उरलेले मोठ्या कढईत रटरटा उकळी आणून सतत ढवळत पूर्ण एक तास शिजवा. आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेच्या नियमात ९० अंश सेल्सिअसला तासभर असे सांगितले आहे. वरवर कोमट करून उपयोग नाही, कारण मधला गोळा थंडच राहतो. शिजवलेले निवल्यावर घाला. कच्च्या खरकट्याचे ड्रम आणि शिजवलेल्याची भांडी कधीही एक करू नका. त्या ड्रममध्ये हात घातलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय शेडमध्ये जाऊ नये.

डुकरे मोकळी सोडण्याची सवयही मोडली पाहिजे. मोकळ्या प्लॉटवर, नालीकाठी भटकणारे डुक्कर दहा घरचे खाते आणि दहा घरचा रोग आणते. शहरात त्यावरून भांडणे होतात ती वेगळीच.

शेडच्या दाराशी पाय बुडवायला सिमेंटची लहान टाकी करा. १०० लिटर पाण्यात २ किलो कॉस्टिक सोडा घालून ते पाणी वापरा. सोडा पाण्यात टाका, सोड्यावर पाणी ओतू नका. हातात रबरी मोजे घाला, डोळे सांभाळा, कारण तो कातडी जाळतो. नवीन डुक्कर विकत आणले की महिनाभर वेगळे बांधा. व्यापाऱ्याची गाडी आणि त्याचे बूट शेडपर्यंत येऊ देऊ नका. राग आला तरी चालेल.

पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात एक जास्तीची काळजी हवी. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बांध्यांतल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमधून बगळ्यांत व डुकरांत फिरतो. डुकराला त्याचा फारसा त्रास होत नाही, गाभण माद्या तेवढ्या मेलेली पिल्ले टाकतात. पण त्याच्या रक्तात विषाणू खूप वाढतो आणि तिथून डास तो लेकरांपर्यंत नेतो. म्हणून शेड घरापासून दूर असावी, सांडपाणी साचू देऊ नये आणि डासांच्या दिवसांत संध्याकाळी शेडला जाळी लावावी. जिथे सरकारी लसीकरण आहे तिथे लेकरांना ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान लस द्यावी. (नागपूरचे नाव विषाणूंच्या यादीत पूर्वीपासून आहे. १९६५ साली येथील तापाच्या साथीत पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला जो नवा विषाणू मिळाला, त्याला इथल्याच चांदीपुऱ्याचे नाव पडले. तो मात्र वाळूमाशीने पसरतो, डुकरांवर त्याचा आळ घालू नका.)

मर लागली तर

अंगात सणसणीत ताप, खाणे बंद, कान, पोट व मांड्यांची कातडी लाल-जांभळी, डुलत चालणे, शेणात रक्त, माद्या गाभडणे आणि एकामागून एक मृत्यू. जुना वराहज्वर आणि आफ्रिकन ज्वर या लक्षणांवरून वेगळे ओळखता येत नाहीत. निदान प्रयोगशाळेतच होते. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत यासाठी नमुने जातात.

अशा वेळी बरेच जण एक गोष्ट करतात, ती करू नये. जी डुकरे अजून उभी आहेत ती रातोरात स्वस्तात विकून मोकळे व्हायचे. निम्मे पैसे सुटतात, हे खरे. पण तीच डुकरे चार गावांत रोग पेरतात, आणि महिन्याभराने तोच रोग व्यापाऱ्याच्या गाडीतून तुमच्या सोयऱ्याच्या शेडमध्ये उतरतो. मेलेले डुक्कर नाल्यात टाकणे तर त्याहून वाईट. सहा फूट खोल खड्डा, खाली-वर चुना, आणि वर कुत्र्याने उकरू नये इतकी माती.

२००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याप्रमाणे रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. आफ्रिकन ज्वर पक्का झाला तर रोगाच्या जागेपासून १ किलोमीटरच्या घेऱ्यातली डुकरे मारली जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. हे ऐकून पोटात गोळा येतो, मला कल्पना आहे. पण अशा मारलेल्या जनावरांसाठी शासनाच्या भरपाईची तरतूद आहे. आपोआप मेलेल्या आणि गुपचूप पुरलेल्या डुकराचे मात्र कोणी काही देत नाही. खबर पहिल्या दिवशी दिली तर हिशेबात जास्त जनावरे धरली जातात, एवढे व्यवहाराने तरी पाहा.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, नाहीतर १९६२ हा बिनपैशाचा क्रमांक फिरवा. फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : एकूण डुकरे किती, आजारी किती व मेली किती, पहिले डुक्कर कोणत्या तारखेला आजारी पडले, आणि गेल्या महिन्याभरात बाहेरून काय आले, म्हणजे नवीन डुक्कर, खरकटे किंवा व्यापारी. लसीची वही जवळ ठेवा. डॉक्टर येईपर्यंत शेडमधले काहीही बाहेर काढू नका, फावडे किंवा टोपलेसुद्धा नाही.